माजी सैनिकाच्या नोंदीतून राहून गेलेलं पदक: गोव्यात बसून दुरुस्ती कशी करून घ्यावी

"पदक मिळालं नाही" या एका तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. सैनिक त्या पदकाला पात्र होता का, ही पहिली. त्या पात्रतेची नोंद त्याच्या सेवेच्या कागदांत झाली का, ही दुसरी. आणि धातूचं पदक हातात पडलं का, ही तिसरी. घरचे लोक अर्ज लिहायला बसले की सगळा भर तिसऱ्या गोष्टीवर देतात. रेकॉर्ड ऑफिसचा, म्हणजे सैनिकांचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या कार्यालयाचा, कारकून मात्र दुसरीच पाहतो. नोंद सापडली तर उरलेला प्रश्न साठ्याचा आणि टपालाचा असतो. नोंद नसेल तर त्याच्या लेखी पदकच नाही, मग अर्जात पराक्रमाची पानंच्या पानं लिहिलेली असोत. म्हणून आधी नोंद मागायची, पदक मागाहून.

नोंद कुठे आणि कशी चढते

जवानाच्या नोकरीत जे काही घडतं त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी आदेश, निघते. बदली, बढती, लग्न, मुलाचा जन्म, जखम, पदक, सगळ्याची. नौदलात याच कामाच्या कागदाला जेनफॉर्म म्हणतात, वायुदलात पीओआर. पार्ट टू ऑर्डरवरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मुख्य नोंदपत्रात, नोंद होते आणि निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुकातला, म्हणजे सैनिकाच्या हाती मिळणाऱ्या सेवापुस्तिकेतला, पदकांचा रकाना भरला जातो. यातली एक कडी निसटली की पुढचं सगळं कोरं राहतं.

निसटायला कारणंही साधी असतात. पलटण मोहिमेवरून परत येते, नावांची यादी बनायला वेळ जातो, तोवर जवान दुसऱ्या युनिटला गेलेला असतो. जुनी पलटण म्हणते तो आता आमचा नाही, नवी म्हणते मोहीम आमची नाही. कधी जवान जखमी होऊन इस्पितळात असतो, कधी यादीत नंबराचा एक आकडा चुकतो. पदकाची घोषणाच तो घरी आल्यावर झाली, असंही घडतं. यात कुणी मुद्दाम डावललं असेलच असं नाही, आणि अर्जात तसा आरोप केल्याने काम लवकर होत नाही.

आधी पदकाचं नाव नक्की करा

अर्ज परत येण्याचं हे मोठं कारण आहे. पदकांची नावं एकमेकांसारखी असल्याने घरात ऐकलेलं नाव आणि कागदावरचं नाव यांत फरक पडतो.

गोव्याला सर्वात जवळचं उदाहरण घेऊ. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त करणारी कारवाई 'ऑपरेशन विजय' या नावाने झाली. 1999 ची कारगिलची कारवाईही 'ऑपरेशन विजय'च. ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल ही दोन्ही पदकं कारगिलची आहेत. 1961 साली गोव्यात उतरलेल्या सैनिकासाठी कुणी 'ऑप विजय मेडल' मागितलं तर अर्ज नामंजूर होणार, आणि तो नियमाला धरूनच. त्या कारवाईसाठी मिळतं ते जनरल सर्व्हिस मेडल 1947 आणि त्यावरची 'गोवा 1961' ही पट्टी, म्हणजे क्लॅस्प. भूदलाबरोबर नौदलही या कारवाईत होतं. अंजदीव बेटावर उतरलेल्या तुकडीतले नौसैनिक तिथे कामी आले. तेव्हा नौदलातल्या त्या पिढीच्या घरांनीही हे तपासून पाहावं.

पट्टीचा मुद्दा नीट समजून घ्या. जनरल सर्व्हिस मेडल 1947 एकच आहे, पट्ट्या अनेक आहेत: जम्मू आणि काश्मीर, नागा हिल्स, गोवा 1961, लडाख 1962, नेफा 1962 वगैरे. एखाद्याला आधी नागा हिल्ससाठी हे पदक मिळालं असेल तर गोव्यासाठी दुसरं पदक मिळत नाही, त्याच पदकाच्या रिबनवर आणखी एक पट्टी चढते. अशा वेळी 'मेडल मिळालं नाही' असं लिहिलं तर उत्तर येतं 'मेडल दिलेलं आहे', आणि तेही खरंच असतं. तिथे पट्टी मागायची.

पुढच्या काळातल्या मोहिमांची नावं थोडक्यात अशी. 1965 च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. 1971 साठी पूर्वेला पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार, आणि त्याखेरीज संग्राम मेडल. सियाचीनसाठी सियाचीन ग्लेशियर मेडल. श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर गेलेल्यांसाठी स्पेशल सर्व्हिस मेडलवर श्रीलंकेची पट्टी. 2001-02 च्या सीमेवरच्या जमवाजमवीसाठी ऑप पराक्रम मेडल. 'स्टार' प्रत्यक्ष लढाईच्या ठरलेल्या क्षेत्रात असलेल्यांना मिळतो, सोबतचं 'मेडल' त्याहून मोठ्या गटाला. त्यामुळे एकाच माणसाला 1971 ची दोन पदकं लागू असणं यात नवल नाही, आणि त्यातलं एकच चढलेलं असणं यातही नाही.

याशिवाय काही पदकं नुसत्या तारखांवर ठरतात. 15 ऑगस्ट 1972 ला सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्धापनदिनाचं पदक, 15 ऑगस्ट 1997 ला सेवेत असलेल्यांना 50 व्याचं. 9, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेची लाँग सर्व्हिस मेडलं. भरतीची आणि निवृत्तीची तारीख शेजारी शेजारी लिहिली की ही चुकलेली पदकं घरबसल्या सापडतात. आधी हीच तपासा, कारण यांना पुरावा गोळा करावा लागत नाही.

आता गैरसमजाच्या तीन जोड्या. सैन्य सेवा मेडल आणि सेना मेडल ही वेगळी पदकं आहेत. पहिलं ठरावीक खडतर भागांत सेवा केल्याबद्दल हिमालय, मरुस्थल, अंदमान-निकोबार अशा पट्ट्यांसह मिळतं. दुसरं शौर्याबद्दल किंवा विशेष कामगिरीबद्दल, नाव घेऊन, राष्ट्रपतींच्या मंजुरीने दिलेलं असतं. स्पेशल सर्व्हिस मेडल आणि विशिष्ट सेवा मेडल यांचंही तेच. आणि पराक्रम पदक हे नाव ऐकून शौर्यपदक वाटतं, पण ते शत्रूशी लढताना जखमी झालेल्यांचं पदक आहे. हिंदीत ऐकलेलं नाव मराठीत सांगताना ही नावं एकमेकांत मिसळतात, तेव्हा रिबनचा रंग आठवत असला तरी अर्जात अधिकृत नावच लिहा.

हक्काचं पदक आणि शिफारशीचं पदक

वरची मोहिमांची आणि सेवाकालाची पदकं अटी पूर्ण झाल्या की मिळायलाच हवीत. ती राहून गेली असतील तर तुम्ही दुरुस्ती मागता आहात, मेहेरबानी नव्हे. शौर्यपदकं, विशिष्ट सेवेची पदकं, लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडल यांचं तसं नाही. ती शिफारशीवर आणि निवडीवर मिळतात. "साहेबांनी नाव पाठवलं होतं" एवढ्यावर आज तीस-चाळीस वर्षांनी शौर्यपदक मिळवून देतो असं कुणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

मात्र शौर्यपदक खरोखर जाहीर झालं आणि कागदावर चढायचं राहिलं असेल तर ती बाब साधी दुरुस्तीची आहे, आणि पुरावाही पक्का असतो: भारताचं राजपत्र. प्रजासत्ताकदिन आणि स्वातंत्र्यदिन या दोन तारखांच्या आसपासच्या अंकांत राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचना पाहा. अशी नोंद दुरुस्त होण्याला पैशाचाही अर्थ आहे. 1 ऑगस्ट 2017 पासून परमवीर चक्राला दरमहा 20,000, महावीर चक्राला 10,000, वीर चक्राला 7,000, तर अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्राला अनुक्रमे 12,000, 9,000 आणि 6,000 रुपये असा भत्ता ठरला. शौर्यासाठीच्या सेना मेडलला 2,000. वैद्यकीय प्रवेशात माजी सैनिकांच्या मुलांसाठी केंद्रीय सैनिक मंडळाचा जो प्राधान्यक्रम असतो, त्यातही शौर्यपदकधारकांच्या मुलांचा गट वेगळा आहे, आणि त्यात मेन्शन इन डिस्पॅचेसही (युद्धाच्या अहवालात नावाचा गौरवाने झालेला उल्लेख) धरतात. मोहिमेच्या आणि सेवाकालाच्या पदकांना असा मासिक भत्ता नसतो, हे घरात आधीच स्पष्ट करून टाकलेलं बरं.

घरातले कागद काढा

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिकाचं ओळखपत्र, जुनी पत्रं, इस्पितळाच्या डिस्चार्ज स्लिपा, असलेली पदकं. पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर आणि नाव भिंगातून वाचून टिपून ठेवा. पुष्कळदा कागदापेक्षा तो नंबर स्पष्ट असतो.

नंबराबद्दल एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. जवान नायब सुभेदार झाला की त्याला जेसी अक्षरांचा नवा नंबर मिळतो. 1971 ची पार्ट टू ऑर्डर शिपाई असतानाच्या नंबरावर निघालेली असणार, आणि डिस्चार्ज बुकावर जेसी नंबर ठळक असणार. अर्जात दोन्ही लिहा. तसंच निवृत्तीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) दुसरी नोकरी केली असेल तर तिथला नंबर तिसरा. डीएससीचं रेकॉर्ड ऑफिस केरळात कन्नूरला आहे, पण पहिल्या नोकरीतल्या मोहिमेच्या पदकासाठी तिथे लिहून उपयोग नाही. तो कागद मूळ रेजिमेंटकडेच असतो.

नावाचा घोळ हा गोव्याचा खास. भरतीच्या वेळी गाव 'पेर्नेम' लागलं, आधारवर 'पेडणे' आहे. तिथे 'सांकेलिम', इथे 'साखळी'. आडनावाचं पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग जन्माच्या दाखल्यावर, इंग्रजी वळणाचं सैन्यात, आणि तिसरंच बँकेत. 1961 पूर्वी भरती झालेल्यांनी बेळगाव, सावंतवाडी किंवा मुंबईच्या नातेवाइकाचा पत्ता दिलेला असू शकतो, म्हणून कागदावर जिल्हाच वेगळा. आणि आडनाव नाईक असलेला माणूस नाईक या हुद्द्यावर असला तर यादी उतरवणाऱ्याने एक 'नाईक' चूक समजून गाळलेला असतो. हसू येतं खरं, पण शोधताना हीच शक्यता आधी पाहावी.

यावर माझं मत ठाम आहे: अर्ज सैन्याच्या कागदावर जसं नाव आहे तसंच लिहून करा. पदकासाठी म्हणून आधी सेवेच्या कागदांतलं नाव बदलायला निघाला तर प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, नवी पार्ट टू ऑर्डर अशी दुसरीच लांबण सुरू होते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जोडलं की बहुधा भागतं.

कुठल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं

दिल्लीला पत्र पाठवणं हा पहिला मार्ग नव्हे. जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांचे कागद त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, चिलखती दलाचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांच्या कोअरचं) सिकंदराबादला, आर्मी मेडिकल कोअरचं लखनौला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधलं ब्युरो ऑफ सेलर्स. वायुसैनिकांसाठी दिल्लीत सुब्रतो पार्कचं एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस. अधिकाऱ्यांचे कागद त्या त्या दलाच्या दिल्लीतल्या मुख्यालयात असतात.

बांबोळीला सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्र आहे, दाबोळीला नौदलाचा तळ आहे, म्हणून तिथे जाऊन चौकशी करणारे बरेच भेटतात. तिथे माणसं आदराने बोलतात, पण निवृत्तांचे सेवेचे कागद तिथे नसतात. बेळगावचं मात्र तसं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचा माणूस सत्तरी-डिचोलीतला असेल तर चोर्ल्याच्या घाटातून एका दिवसात जाऊन येता येतं. मूळ डिस्चार्ज बुक आणि ओळखपत्र घेऊन जावं, आणि अर्ज आधी पाठवून त्याची पोच हातात आल्यावर जावं. अर्ज न देता नुसतं विचारायला गेलं तर तोंडी उत्तर मिळतं, त्याची फाइल बनत नाही.

आधी माहिती मागा

थेट दुरुस्ती मागण्याआधी कागदावर काय आहे ते पाहणं शहाणपणाचं. माहिती अधिकाराखाली 10 रुपये भरून स्वतःच्या सेवेच्या कागदांच्या प्रती मागता येतात, ऑनलाइन पोर्टलवरून किंवा पोस्टल ऑर्डर जोडून टपालाने. उत्तराची मुदत 30 दिवसांची. सैन्यदल केंद्राच्या अखत्यारीत येतं, म्हणून दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं. पणजीतल्या राज्य माहिती आयोगाचा यात संबंध नाही.

प्रश्न मोघम विचारू नका. "मला मिळालेल्या सर्व पदकांची माहिती द्यावी" असं विचारलं तर डिस्चार्ज बुकातलीच यादी परत येते. त्याऐवजी शीट रोलच्या पदकांच्या पानाची प्रत मागा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी कुठल्या युनिटच्या हजेरीवर होतो ते विचारा. आणि सर्वात उपयोगी प्रश्न: त्या युनिटने अमुक पदकासाठी काढलेल्या पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख काय, आणि त्यात माझं नाव आहे का.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी गावातच मिळतं. एका पार्ट टू ऑर्डरमध्ये पलटणीतली बरीच नावं एकत्र असतात. बरोबरीने असलेला एखादा सोबती पेडण्याला, कुडाळला किंवा खानापूरला असेल आणि त्याला ते पदक मिळालं असेल, तर त्याच्या कागदांत ऑर्डरचा नंबर आणि तारीख असण्याची शक्यता असते. तो नंबर तुमच्या अर्जात आला की कारकुनाला रजिस्टर शोधावं लागत नाही, नुसतं उघडावं लागतं. सोबत्याने 'हा माझ्याबरोबर होता' असं प्रतिज्ञापत्र दिलं तर चांगलंच, पण नुसत्या साक्षीपेक्षा त्या नंबराचं वजन जास्त. माजी सैनिकांच्या मेळाव्याला जाऊन नुसतं जेवून परत येऊ नये, असं मी म्हणतो ते याचसाठी.

कागदच नष्ट झाले असतील तर

पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांचे सेवेचे कागद साधारण 25 वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. पेन्शनरांचे जास्त काळ ठेवतात. "कागद नष्ट केले आहेत" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. नंबर, नाव, भरती आणि सुटकेच्या तारखा असलेलं लाँग रोल नावाचं रजिस्टर त्यानंतरही ठेवलेलं असतं. त्याचा उतारा मागा. त्यावरून तारखांवर ठरणारी पदकं सिद्ध होतात.

मोहिमेच्या पदकासाठी मात्र माणूस त्या दिवसांत त्या क्षेत्रात होता हे दाखवावं लागतं. डिस्चार्ज बुकात युनिटचं नाव असेल आणि ते युनिट मोहिमेत होतं हे निर्विवाद असेल, तर अर्धं काम झालं. जखमी झालेल्याच्या बाबतीत इस्पितळाची स्लिप हा उत्तम पुरावा, कारण तिच्यावर तारीख, युनिट आणि जखमेचं कारण तिन्ही असतं. पराक्रम पदकाच्या अर्जात तर तीच मुख्य. घरी आलेलं जुनं पत्र किंवा तार पूरक म्हणून जोडा. गणवेशातला फोटो जोडायला हरकत नाही, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका.

अर्जाचा मजकूर

बेळगाव, सागर, जबलपूर इथे जाणारा अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. मराठीतला मसुदा घरासाठी. एक पान पुरतं. त्यात या गोष्टी याव्यात: सगळे नंबर, हुद्दा, सैन्याच्या कागदावरचं नाव, भरती आणि निवृत्तीची तारीख, शेवटचं युनिट, मोहिमेच्या वेळचं युनिट. त्याखाली मागणी, जवळपास अशी:

"दिनांक अमुक ते अमुक या काळात मी अमुक युनिटमध्ये अमुक क्षेत्रात नेमणुकीवर होतो. या सेवेसाठी अमुक पदक, अमुक पट्टीसह, मला लागू होतं. माझ्या डिस्चार्ज बुकात याची नोंद नाही. तरी माझ्या सेवेच्या कागदांची पडताळणी करून, पात्र असल्यास आवश्यक ती पार्ट टू ऑर्डर काढावी, शीट रोल आणि डिस्चार्ज बुकात नोंद करावी, आणि त्यानंतर पदक देण्याची व्यवस्था करावी. पात्र नसल्यास कोणत्या अटीमुळे, ते लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य गाळू नका. कारण नसलेल्या नकारावर पुढे काहीच करता येत नाही. कारण लेखी आलं की त्या एका कारणाला उत्तर देता येतं. दोन पदकं मागायची असतील तर एकाच अर्जात दोन वेगळे परिच्छेद करा, पण तारखांवरचं साधं पदक आणि वादाचं मोहिमेचं पदक शक्यतो वेगळ्या अर्जांत ठेवा. नाहीतर सोपं काम अवघडाच्या मागे अडकून पडतं.

झेरॉक्स स्वतःच्या सहीने साक्षांकित करा. मूळ डिस्चार्ज बुक पहिल्या अर्जाबरोबर टपालाने कधीही पाठवू नका. ती नोंद करण्यासाठी मागवली गेली तर स्पीड पोस्टने, प्रत्येक पानाची रंगीत प्रत घरी ठेवून, पाठवा.

पणजीतल्या सैनिक कल्याण खात्यामार्फत अर्ज पाठवणं चांगलं की थेट? मी दोन्ही सुचवतो: मूळ अर्ज थेट रेकॉर्ड ऑफिसला, प्रत खात्याला, आणि खात्याने आपल्या पत्राने पाठपुरावा करावा अशी विनंती. वृद्ध सैनिकाला किंवा वीरपत्नीला फॉर्म भरायला तिथे मदत मिळते, आणि सरकारी पत्राला सरकारी उत्तर येतं. स्पर्श पोर्टलवर तक्रार टाकण्यात मात्र वेळ घालवू नका. ते पेन्शनचं पोर्टल आहे. शौर्यपदकाचा भत्ता सुरू व्हायचा असेल तेव्हाच, आणि तोही नोंद झाल्यानंतर, पीपीओच्या दुरुस्तीसाठी त्या बाजूला जावं लागतं.

सैनिक हयात नसेल तर

पत्नी असेल आणि तिचं नाव पीपीओवर असेल तर फार अडत नाही: मृत्यूचा दाखला, पीपीओ, ओळखपत्र, अर्ज. मुलं किंवा नातवंडं अर्ज करत असतील तर नातं सिद्ध करावं लागतं. गोव्यात वारसांसाठी स्पेशल नोटरीपुढे, म्हणजे आपल्या सब-रजिस्ट्रारकडे, वारसापत्र करण्याची पद्धत आहे. जुनी माणसं त्याला अजून आबिलितासांव म्हणतात. घरजमिनीसाठी ते आधीच केलेलं असेल तर त्याची प्रत जोडा, केवळ पदकासाठी नव्याने करण्याचा खर्च रेकॉर्ड ऑफिसने मागितल्याशिवाय करू नका. एकापेक्षा जास्त वारस असतील तर पदक कुणाच्या हाती द्यायचं याचं इतरांचं ना-हरकत पत्र मात्र आधीच घेऊन ठेवावं. भावाभावांत जमिनीवरून जेवढं होतं तेवढंच पदकावरूनही होऊ शकतं.

मिळालं होतं, हरवलं

पुरात गेलं, घर बदलताना हरवलं, चोरीला गेलं, हे वेगळं प्रकरण. इथे नोंद आहे, पदक नाही. पोलिसांत हरवल्याची किंवा चोरीची नोंद, प्रतिज्ञापत्र, आणि दुय्यम पदकासाठी किंमत भरून अर्ज, असा मार्ग असतो. बाजारात मिळणारी नक्कल काचेच्या चौकटीत लावायला ठीक आहे. पण ती अंगावर लावून कार्यक्रमाला जाण्याआधी त्या पदकाची नोंद आपल्या डिस्चार्ज बुकात आहे ना, एवढं पाहा.

उत्तर आलं नाही, किंवा नकार आला

दोन-तीन महिन्यांनी अर्जाची तारीख आणि स्पीड पोस्टचा नंबर देऊन स्मरणपत्र. त्यानंतर माहिती अधिकारात 'माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, कुणाच्या टेबलावर, कुठल्या तारखेला' हा प्रश्न. केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरही संरक्षण मंत्रालयाच्या नावे तक्रार नोंदवता येते. भूदलाच्या माजी सैनिकांसाठी दिल्लीत इंडियन आर्मी व्हेटरन्स संचालनालय आहे, नौदल आणि वायुदलाचीही अशी वेगळी कार्यालयं आहेत. रेकॉर्ड ऑफिसशी झालेला सगळा पत्रव्यवहार जोडून तिथे लिहावं.

नकार आला तर त्यातलं कारण तीनदा वाचा. 'क्षेत्रात ठरलेले दिवस भरत नाहीत' असं कारण असेल आणि तारखा बरोबर असतील, तर प्रकरण तिथेच संपतं. 'नाव यादीत नाही' असं असेल तर ते कारणच नव्हे, कारण तीच तर तुमची तक्रार आहे. त्यावर लेखी निवेदन द्या. त्यालाही नकार आला किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. गोवा त्याच्याच कक्षेत येतो. तिथे जायलाही मुदत आहे, अंतिम नकारापासून सहा महिन्यांची. उशीर माफ करण्याची विनंती करता येते, पण वकील पाहायला त्या मुदतीच्या आतच लागा. नुसत्या सेवापदकासाठी तिथवर जावं का, हा प्रश्न ज्याने त्याने ठरवावा. शौर्यपदकाचा भत्ता अडला असेल तर जावं, असं मी म्हणेन.

मंजूर झाल्यावर

मंजुरी पत्राने येते. त्यात पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख आहे का पाहा, नसेल तर प्रत मागा. डिस्चार्ज बुकात नोंद रेकॉर्ड ऑफिसच्या सहीशिक्क्यानेच व्हायला हवी. स्वतः पेनाने भरलेला रकाना बाद धरतात आणि मग बाकीच्या नोंदींवरही संशय येतो. धातूचं पदक पत्राबरोबर येईलच असं नाही. पदकांचा पुरवठा मागणीच्या बराच मागे असतो, तेव्हा पत्र जपून ठेवून अधूनमधून विचारत राहावं. पार्सल आलं की ते पोस्टमनसमोर उघडा, कडेवरचा नंबर आणि नाव डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहा. एक अक्षर जरी चुकलं असेल तर फोटो काढून, पत्र लिहून, ते परत पाठवा.